न नांगरलेला माळ

शिकागोच्या पश्चिमेला, केन काउंटीत, गारफिल्ड फार्म आहे. टिमथी गारफिल्ड १८४१ साली बायकामुलांसह व्हर्माँटहून इथे आला आणि त्याने ४४० एकर जमीन घेतली. ओंडक्यांच्या घरात त्याने शेतीबरोबर सरायही चालवली. धान्य भरून शिकागोकडे निघालेले गाडीवान तिथे उतरत. जनावरांना चारापाणी, माणसांना जेवण आणि पथारी मिळे. धंदा असा वाढला की १८४६ मध्ये विटांची प्रशस्त सराय उभी राहिली. मग आगगाडी आली आणि गाडीवाट ओस पडली.

मला वाटते, हे ओस पडणेच या वास्तूच्या पथ्यावर पडले. गिऱ्हाइकांची रीघ टिकली असती, तर जुने पाडून नवे बांधण्याचा मोह कोणाला आवरला असता? कुटुंब शेती करत राहिले. पुढे शहर पसरत आले. आसपासच्या शेतांचे प्लॉट पडत असताना घराण्यातल्या एल्व्हा रूथ गारफिल्ड यांनी १९७७ मध्ये ही शेतवाडी संग्रहालयासाठी दिली. त्या एका निर्णयाबद्दल मला अपार आदर वाटतो. आज इथे व्यापारी कुक्कुटपालनात मागे पडलेल्या काळ्या जावा कोंबड्याही जपल्या जातात.

तरी माझे मन गुंतते ते माळात. इथली काळीभोर माती गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली होती. लोखंडी नांगराला ती इतकी चिकटे की गडी पुन्हा पुन्हा थांबून फाळ खरवडत बसे. इलिनॉयमधल्याच ग्रँड डिटूरला जॉन डीअर या लोहाराने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी फाळ घडवला, माती आपोआप घसरू लागली, आणि पाहता पाहता राज्यभरचा माळ उलथला गेला. मूळ माळ आज एक टक्काही उरलेला नाही. त्यातला एक तुकडा या वाडीत आहे, कधीच नांगर न लागलेला.

असा माळ नुसता सोडून देऊन राहत नाही. अधूनमधून जाळला नाही, तर झाडेझुडपे गवताला गिळतात. हे इथल्या मूळ रहिवाशांना, पोटावाटोमींना, ठाऊक होते. ते माळ पेटवत आले होते. १८३३ च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीपार घालवले गेले, म्हणून तर गारफिल्डला जमीन मोकळी मिळाली. या शेतवाडीची गोष्ट सांगताना कोणी १८४१ पासून सुरुवात करू नये.