उजेडाच्या कणांचं गणित

मुलांनो, चीनच्या नकाशात शांघाय शोधा आणि तिथून पश्चिमेकडे बोट सरकवा. यांगत्से नदीच्या थोडं वर हफेई लागेल. ही आनहुई प्रांताची राजधानी. शेजारी चाओहू नावाचं मोठं सरोवर आहे. गावात बाओ झेंग या हजार वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशाचं मंदिर आहे. त्याच्यापुढे कुणाचा वशिला चालत नसे!

१९७० साली बीजिंगमधलं एक विज्ञान विद्यापीठ इथे हलवलं गेलं. आज आपल्याला जायचंय ते तिथल्या प्रयोगशाळेत. २०२० मध्ये इथे 'जिउझांग' नावाचा संगणक तयार झाला. हे नाव चीनमधल्या एका प्राचीन गणितग्रंथाचं. शेताचं क्षेत्रफळ, धान्याची वाटणी अशी २४६ गणितं त्यात आहेत.

पण हा संगणक तुमच्या शाळेतल्यासारखा नाही बरं का! टेबलावर नुसते स्फटिक आणि आरसे. तो चालतो उजेडावर.

त्याचं गणित कसलं, ते वर्गातच करून पाहा. चार मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या किती प्रकारे लागतील? तीन. सहा मुलांच्या? पंधरा. दहांच्या ९४५. आणि वीस मुलांच्या? ६५ कोटी ४७ लाख २९ हजार ७५! मुलं थोडी वाढली, की उत्तर धावतच सुटतं. जिउझांगचं गणित याच जातीचं, पण याहून अवघड.

लेसरचा झोत स्फटिकांतून जातो. तिथे प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, जोडीजोडीने जन्मतात. पुढे लागतात अर्धा उजेड सोडणारे आणि अर्धा परतवणारे आरसे. या भूलभुलैयाला बाहेर पडायच्या वाटा शंभर. कोणत्या वाटेने फोटॉन आले, ते शोधक यंत्रं टिपतात. फोटॉन अगदी एकसारखे, त्यामुळे कोण कुठून आला हे सांगताच येत नाही. साऱ्या शक्यता एकमेकींत मिसळतात आणि तेच त्या गणिताचं काम करतं. अशा कणांना बोसॉन म्हणतात, आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून!

एकावेळी ७६ पर्यंत फोटॉन टिपले गेले. काम झालं २०० सेकंदांत. महासंगणकाला २५० कोटी वर्षं लागतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

मग उत्तर बरोबर की चूक, हे तपासणार कोण? इथे पुस्तकाच्या मागे उत्तरं नाहीत! म्हणून थोड्या फोटॉनची सोपी गणितं साध्या संगणकाकडूनही करून घेतली आणि ताडून पाहिली. पुढे इतर गणितज्ञांनी साध्या संगणकासाठी नव्या युक्त्या शोधल्या, आणि २५० कोटींचा आकडा खूप खाली आला. हफेईकरही थांबले नाहीत. २०२३ मध्ये ते २५५ फोटॉनपर्यंत पोचले. शर्यत चालूच आहे.

गंमत म्हणजे, या यंत्राला साधा बेचा पाढा येत नाही. त्याचा हात आपल्या एकाच जातीच्या गणितांवर बसलाय.

आता तुमची पाळी. आठ मुलांच्या जोड्या किती प्रकारे लागतील? दोन वेगळ्या रीतींनी काढा. उत्तरं जुळली, तरच आई-बाबांना दाखवा!