दोन काटे

सकाळी वर्तमानपत्र आले की आप्पा प्रथम एकच आकडा शोधत. तो म्हणजे मेट्टूर धरणाची पातळी. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाची भरलेली पातळी १२० फूट. दरवर्षी १२ जूनला तेथून पाणी सोडण्याची प्रथा आहे. पण धरणात पाणी पुरेसे नसेल तर ती तारीख पुढे जाते आणि तिच्याबरोबर आमच्या कुरुवै भाताची लावणीही. त्यामुळे तंजावर भागातील शेतकऱ्याच्या घरी या आकड्याला पंचांगाइतका मान असतो. तरीही आप्पा आकडा वाचून स्वस्थ बसत नसत. हातात काठी घेऊन ते कालव्यावर जात, पाण्यात ती उभी धरून ओली खूण पाहत आणि मगच न्याहारीला बसत.

आमचे घराणे व्यंकोजीराजांच्या काळात, सतराव्या शतकात, इकडे आले. घरात मराठी, शेतात तमिळ, अशी आमची रीत. मोटारीची भाषा मात्र पूर्णपणे तमिळ, कारण ती आम्ही मेस्त्रींकडून शिकलो. आमची अ‍ॅम्बॅसेडर १९७६ सालची. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे या गाड्या बनत. २०१४ साली ते उत्पादन थांबले. आप्पांनी ती जुनी विकत घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा बैलजोडीसारखा जीव होता.

२००९ सालच्या पोंगलला मला गाडी नटवण्याची हौस आली. डॅशबोर्ड खोलून, गंज घासून मी त्याला आतून-बाहेरून जाड काळा रंग दिला. गाडी शोभिवंत दिसू लागली. पुढे उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्या खुणेकडे झुकू लागला. आम्ही रेडिएटर धुऊन घेतला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याच्या नळ्या नव्या घातल्या. काटा ढळला नाही. गंमत अशी, की पाणी कधी उकळले नाही आणि कमीही झाले नाही. याच सुमारास गाडीचे पेट्रोल जास्त पुरते आहे असे मला वाटू लागले होते. भीती घालणाऱ्या काट्यावर आम्ही हजारो रुपये खर्च केले. सुख देणाऱ्या काट्याविषयी मात्र कोणालाही शंका आली नाही. आप्पा पूर्वी पेट्रोल भरले की लिटर आणि किलोमीटर एका वहीत लिहीत. काटा असताना वही कशाला, असे म्हणून ती सवय मीच मोडली होती.

नोव्हेंबरातील एका पावसाळी रात्री आप्पांना धाप लागली. त्यांना उठून बसवत नव्हते. तंजावरला नेणे भाग होते. आमचे गाव तिरुवैयारूच्या पलीकडे, कावेरीच्या उत्तरेला. तंजावरला जाताना कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारू, वेण्णारू आणि वडवारू असे पाच प्रवाह ओलांडावे लागतात. दोनच पूल मागे पडले आणि कंडियूरच्या पुढे गाडीने दोन आचके दिले व ती थांबली. पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या खुणेवर होता. मी बॉनेट उघडून भिजत वायरी चाचपत राहिलो. टाकी रिकामी असेल हे माझ्या मनातही आले नाही. मागच्या आसनावर आईच्या मांडीवर आप्पांचा श्वास वाजत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी केळीचे घड घेऊन जाणारी एक लॉरी थांबली आणि तिच्या चालकाने आम्हाला रुग्णालयात पोचवले.

आप्पा दहा दिवसांनी घरी आले. धाकटा भाऊ म्हणाला, "आप्पा, ही गाडी आता मोडीत देऊया." आप्पा काही बोलले नाहीत; फक्त अंगणातल्या गाडीकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना बोलावले.

मेस्त्री सत्तरीचे होते. त्यांनी हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. मग ते टाकीकडे वळले. टाकीच्या आत एक तरंगता फुगा असतो. पेट्रोल वाढले की तो वर येतो, घटले की खाली जातो आणि त्यासरशी विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. काटा दाखवतो तो हा अडथळा. मेस्त्रींनी प्रथम किल्ली बंद केली, कारण पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी उडता कामा नये. टाकीवरची वायर काढून त्यांनी ती गाडीच्या पत्र्याला घट्ट जोडली आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. काटा झपाट्याने भरल्या टाकीच्या खुणेवर गेला. वायर मोकळी ठेवल्यावर तो शून्यावर आला. याचा अर्थ वायर तुटलेली नव्हती आणि काटाही मेलेला नव्हता. टाकीतला फुगाही त्यांनी काढून पाहिला; तो निर्दोष होता. माझा धीर खचला. सगळेच ठीक असेल तर त्या रात्री काय झाले?

"तंबी, दुसरा कोणता काटा चुकतो?" मेस्त्रींनी विचारले. मी उष्णतेच्या काट्याची सारी कथा सांगितली. ते हसले. "एक पोरगा खोटे बोलला तर त्याला विचारावे. दोघे मिळून एकच खोटे बोलू लागले तर त्यांच्या बापाला विचारावे."

हा बाप म्हणजे डॅशबोर्डमागची एक पत्र्याची डबी. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. बॅटरीचा दाब कधी १२ व्होल्ट असतो, तर इंजिन धावत असताना १४ च्या आसपास जातो. काटे त्याच्याबरोबर नाचू नयेत म्हणून ही डबी त्यांना सरासरी १० व्होल्टच देते. तिच्यात दोन धातूंची एक पट्टी असते. वीज वाहिली की पट्टी तापून वाकते आणि जोड सुटतो. निवली की पुन्हा जोडला जातो. अशी ती सतत उघडमीट करते. मात्र पट्टी तापवणारी वीज डबीच्या पत्र्यातून गाडीच्या सांगाड्यात परतली पाहिजे. ती वाट बंद झाली तर पट्टी तापत नाही, जोड सुटत नाही आणि काट्यांना बॅटरीचा सगळा दाब मिळतो. मग दोन्ही काटे वर चढतात. इंजिन आहे त्याहून गरम भासते आणि टाकी आहे त्याहून भरलेली.

मेस्त्रींनी छोट्या दिव्याला दोन वायरी जोडून एक डबीच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला लावली. दिवा लुकलुकायला हवा होता. तो स्थिर जळत राहिला. मग त्यांनी डबीच्या अंगापासून उघड्या पत्र्यापर्यंत एक वायर धरली. काही क्षण गेले, आणि दिवा डोळे मिचकावू लागला.

त्यांनी डबीचा स्क्रू काढला. खालचा पत्रा गुळगुळीत, काळाभोर होता. नखाने तो रंग खरवडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हे काम कोणी केले?"

मी उत्तर दिले नाही. आप्पा ओसरीवर खुर्चीत बसून सारे ऐकत होते.

पॉलिश कागदाने तेवढी जागा घासून पांढरी करायला आणि डबी पुन्हा आवळायला दहा मिनिटेही लागली नाहीत. उष्णतेचा काटा मध्यावर येऊन थांबला. रिकाम्या टाकीत आम्ही डब्याने मोजून पाच-पाच लिटर पेट्रोल ओतले आणि दर वेळी काटा पाहिला. तो संथपणे, खात्रीने चढत गेला. मेस्त्रींनी मजुरी घेतली ती रेडिएटर धुण्याच्या निम्मीही नव्हती.

पुढच्या आठवड्यात आप्पांना तपासणीसाठी तंजावरला जायचे होते. भावाने भाड्याची गाडी बोलावू का असे विचारले. आप्पा चप्पल घालून सरळ अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या आसनावर जाऊन बसले. मी किल्ली फिरवली. पेट्रोलचा काटा हळूहळू अर्ध्यावर आला. आप्पांनी तो पाहिला, मग खिशातून जुनी वही काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "किलोमीटर किती झालेत, ते वाच."