अठरा लाख छत्तीस हजार शहाऐंशी

१ मार्च २०११ च्या प्रारंभाची मध्यरात्र प्रमाण मानून झालेल्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ नोंदली गेली आणि गंगाखेडच्या गोदाकाठापासून जिंतूरच्या डोंगरभागापर्यंत पसरलेली माणसे सात अंकांत सामावली. प्रशासन या संख्येवरून शाळांचा, दवाखान्यांचा, धान्याचा हिशेब मांडते. गणित मात्र तिच्या घडणीचा शोध घेते, आणि तो शोधही माणसापर्यंतच पोहोचतो.

एकाहून मोठी प्रत्येक पूर्ण संख्या एकतर स्वतः मूळ असते, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, किंवा ती मूळ संख्यांच्या गुणाकारातून घडते. क्रमाचा फरक सोडला, तर ही घडण एकमेव असते. त्या नियमाने १८,३६,०८६ म्हणजे २ × ७ × १,३१,१४९. यांतला शेवटचा अवयव मूळ आहे हे ठरवण्यासाठी त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ३६२ पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने त्याला भागून पाहावे लागते, आणि त्या साऱ्या कसोट्यांतून तो अभंग राहतो.

आता या जिल्ह्यात एक मूल अधिक जन्मले असे मानले, तर संख्या १८,३६,०८७ होते आणि तिची घडण ३ × ११ × ५५,६३९ अशी सर्वस्वी पालटते. जुन्यांपैकी एकही मूळ अवयव उरत नाही, कारण लगतच्या दोन संख्यांना भागणाऱ्या संख्येने त्यांच्यातील फरकालाही, म्हणजे एकालाही, भागले पाहिजे, आणि एकाला भागणारी पूर्ण संख्या एकच, ती म्हणजे एक.

डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवत आयुष्यभर अंकांत रमलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला हर्षद संख्या म्हटले. १८,३६,०८६ च्या अंकांची बेरीज ३२ येते आणि भाग जात नाही; १८,३६,०८७ च्या अंकांची बेरीज ३३ येते आणि ३३ × ५५,६३९ हा गुणाकार तंतोतंत जुळतो. हा गुण दशमान लेखनावर अवलंबून असतो, मूळ अवयव मात्र संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तेच राहतात. पण त्या एका अधिक जिवाने दोन्ही पालटतात.

ते मूल पाथरीत जन्मले की पालमला, वाड्यात की पालात, याने गणिताला फरक पडत नाही, कारण तिथे प्रत्येकाची किंमत पूर्ण एक असते. म्हणूनच अठरा लाखांच्या हिशेबात एक माणूस सुटला तर काय बिघडले, असे म्हणता येत नाही: तो सुटला की उरते ती किंचित लहान झालेली तीच संख्या नव्हे, तर दुसरीच संख्या.