पाठभेद

पंखे फिरत होते, त्यामुळे काही बिघडलंय असं आधी वाटलंच नाही. मॉनिटरवर मात्र काही येईना. दोनदा बंद-चालू केलं, केबल काढून पुन्हा लावली, पाच मिनिटं वाट पाहिली. मग ग्राफिक्स कार्ड काढून केबल मदरबोर्डला जोडली, तर कॉम्प्युटर निमूट सुरू झाला. कार्ड परत बसवलं की काळोख. शंकेला जागा उरली नाही. दहा मिनिटांपूर्वी मी त्या कार्डावर दुसरं फर्मवेअर चढवलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

कार्ड माझं नव्हतं, मुलाचं होतं. बारावीनंतरच्या सुट्टीत शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवून त्यानं साडेचार हजार जमवले, उरलेले मी घातले आणि एक जुनं आरएक्स ५८० घरी आलं. मॉडेल २०१७ सालचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली अशी कार्डं बाजारात ढिगानं आली. त्यातलंच हे एक. मुलगा होस्टेलला गेला, कॉम्प्युटर बेंगळुरूच्या घरी माझ्याकडे राहिला. अधूनमधून स्क्रीनवर रंगीत ठिपके उमटायचे. एका भाषांतराची प्रुफं तपासताना त्यातला एक ठिपका अनुस्वार समजून मी तीनदा खोडायला गेले, आणि ठरवलं की तो दिवाळीला यायच्या आत हे आपणच निस्तरायचं.

ठिपक्यांचं कारण मी शोधून काढलं होतं, आणि ते बरोबरही होतं. मायनिंग करणारे लोक जास्त वेग मिळावा म्हणून कार्डाचं बायोस बदलतात. तेव्हा उपाय सोपा: मूळ बायोस परत चढवायचं. कंपनी तीच, मॉडेल तेच, मेमरी तीच ८ जीबी, अशी एक फाइल मिळाली आणि मी ती चढवली.

कार्डावर करंगळीच्या नखाहून लहान, आठ पायांची एक चिप असते. तिच्यात ५१२ केबी मजकूर मावतो. एवढ्या जागेत देवनागरीची साधारण पावणेदोन लाख चिन्हं बसतील, म्हणजे एक आटोपशीर कादंबरी. वीज मिळाली की कार्ड आधी हा मजकूर वाचतं: मेमरी कुठली आहे, तिच्याकडे काही मागितल्यावर किती ठोके थांबायचं. आता गंमत अशी, की एकाच नावाच्या कार्डावर कधी सॅमसंगची मेमरी असते, कधी हायनिक्सची, कधी मायक्रॉनची, आणि प्रत्येकीचे ठोके निराळे. मी आणलेली फाइल दुसऱ्याच मेमरीची होती.

तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला पाठचिकित्सा हा माझा आवडता विषय. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, तिच्या तळटीपा मी कादंबरीसारख्या वाचल्या आहेत. नाव एक म्हणून ग्रंथ एक समजू नका, कुठल्या परंपरेतली प्रत आहे ते आधी बघा, असं भाषांतराच्या कार्यशाळांतून नव्या मुलांना ऐकवत असते. आणि इथे फाइलीचं नाव वाचून निर्धास्त झाले. जुन्या मजकुराची प्रतही काढून ठेवली नाही.

एस. पी. रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्यानं कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, “होय्तु.” कन्नडात याचा अर्थ गेलं, संपलं. इतकी वर्षं कन्नडमधून भाषांतर करते, तरी माझ्या मराठी कानाला त्यात आधी ‘होय’ ऐकू येतं. मी खचून उभी राहिलेली बघून त्यानं पुढचं सांगितलं. चिप गेलेली नाही, तिच्यातलं लिखाण गेलंय. काही कार्डांवर दोन बायोस असतात आणि मध्ये एक बारीक खटका. तुमच्यावर तो नाही. पुन्हा लिहायचं काम मी करत बसत नाही, तुम्हीच करा. असं म्हणून त्यानं साडेचारशे रुपयांना यूएसबीला लावायचा एक प्रोग्रामर आणि आठ दातांचा चिमटा माझ्या हातावर ठेवला.

तो चिमटा लावणं हे सुईत दोरा ओवण्यासारखं आहे, फक्त सुई बोर्डाला चिकटलेली. चिपच्या एका कोपऱ्यात सूक्ष्म खळगा असतो, तो एक नंबरचा पाय. पट्टीतली लाल तार तिथेच आली पाहिजे. उलटं लावलं तर चिप जळायची. मी चष्म्यावर भिंग धरून लावला. वाचायला सांगितलं, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. कोरी पानं. पोटात गोळा आला. मग कळलं की चिप कोरी नव्हती, चिमट्याचा एक दात नीट टेकला नव्हता. पुन्हा लावला. या वेळी मजकूर आला, पण दोनदा वाचला तर दोन प्रती जुळेनात. पुन्हा काढला, पाय खोडरबरानं हलकेच पुसले, पुन्हा लावला. रात्री दीडच्या सुमाराला लागोपाठच्या दोन प्रती तंतोतंत जुळल्या.

तो चुकीचा मजकूर मी थोडा वेळ नुसता बघत बसले. सुरुवातीला ५५ एए ही खूण, थोडं पुढे ‘आयबीएम’ ही तीन अक्षरं. आयबीएमचा या कार्डाशी काही संबंध नाही. फार जुने प्रोग्रॅम ही अक्षरं शोधायचे, म्हणून ती अजून लिहितात. विषय कुठलाही असो, पोथी श्रीगणेशाय नमःनंच सुरू व्हावी, तसं.

लिहायची सोय झाली, पण लिहायचं काय? योग्य फाइल कुठली, हे ठरवायला मेमरी कुठली ते कळायला हवं, आणि ते मुलाला माहीत होतं. या सगळ्याला दोन आठवडे होत आले होते. आम्ही रोज फोनवर बोलायचो. मध्ये एकदा त्यानं विचारलंही होतं, “कॉम्प्युटर बरा आहे ना?” मी म्हटलं होतं, “होय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला.

“डी ड्राइव्हवर ‘जुनं’ नावाचा फोल्डर आहे,” तो म्हणाला. “कार्ड आणलं त्या दिवशीच मी बायोसची कॉपी काढून ठेवली होती.”

“मग ते ठिपके? त्यांचं काही का नाही केलंस?”

“मला चालत होते, आई.”

यावर मला काही बोलता आलं नाही. तोही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “लिहून झाल्यावर व्हेरिफाय कर,” एवढंच म्हणाला आणि लेक्चरला गेला.

आधीचं पुसलं, त्याची प्रत लिहिली, ताडून पाहिली. कार्ड बसवलं. स्क्रीन उजळली. वीसेक मिनिटांनी डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आला आणि गेला. मी फोटो काढून त्याला पाठवणार होते, तेवढ्यात तो विझला.

दिवाळीत त्यानं चार स्क्रू काढून कार्डावरचा हीटसिंक उचलला. मेमरीचे आठ चौकोन दिसले. त्यांवरची अक्षरं माझ्या भिंगातून वाचली: के४जी८० वगैरे, म्हणजे सॅमसंग. त्या मेमरीची मूळ फाइल त्यानं शोधली आणि आपल्या प्रतीशेजारी उघडली. मी पाटावर बसून दोन्हींतल्या ओळी ताडत गेले. हे काम मला येतं. फरक फार थोडे होते. १,५०० मेगाहर्ट्झसाठीची ठोक्यांची ओळ खाली १,७५० आणि २,००० च्या जागीही जशीच्या तशी उतरवलेली. डुलकी लागलेला लेखनिक वरची ओळ पुन्हा लिहितो ना, अगदी तसं. मी आनंदानं ओरडलेच.

“ते चुकून नाही झालेलं,” मुलगा म्हणाला. “असंच करतात. ठोके कमी, वेग जास्त. थोड्या चुका झाल्या तर मायनिंगवाल्याचं काही बिघडत नाही.” म्हणजे लेखनिक चांगला जागा होता, फक्त त्याच्या प्रतीवर आमची पानं दिसायची नव्हती.

“मग आता मूळ घालायचं?” मी विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं.

त्यानं थोडा विचार केला. चिपमध्ये होतं ते पुन्हा एकदा वाचून तारखेसकट ‘जुनं’मध्ये ठेवलं. मग चिमटा माझ्या हातात दिला.

“तू लाव. माझा हात थरथरतो. लाल तार एक नंबरवर.”