पडद्यावरचे गड
दूरदर्शनवर १९८८ साली ‘भारत एक खोज’ लागायचं, तेव्हा एखादा भाग चुकला की तो गेलाच. शिवाजी महाराजांच्या भागांत नसीरुद्दीन शाह महाराज झाले होते आणि ओम पुरी औरंगजेब. हे पुन्हा कधी बघायला मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून घरातली सगळी माणसं हातातली कामं टाकून वेळेआधीच टीव्हीसमोर बसायची. पुढे ‘सुरभि’ आलं. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे आम्हाला कधी विणकरांच्या गावात न्यायचे, तर कधी नावही न ऐकलेल्या देवळात. शेवटी प्रेक्षकांना प्रश्न असायचा. त्याच्या उत्तरांची कार्डं इतकी जायची की अशा स्पर्धांसाठी पोस्टाने वेगळं, जास्त किमतीचं कार्ड काढलं. घरबसल्या प्रवासाची तेवढीच सोय होती, आणि ती आम्ही आसुसून वापरली.

त्याहून मला प्रिय होते ते गावोगावचे स्लाइड शो. शाळेचा हॉल, भिंतीवर ताणलेली पांढरी चादर, खिडक्यांना लावलेली सतरंजी. वर्षानुवर्षं गड पालथे घातलेले कुणी शिक्षक किंवा बँकेतले कारकून सुट्टीत काढलेली चित्रं एकामागून एक दाखवायचे. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या मी पहिल्यांदा अशाच पाहिल्या. चित्रं स्थिर आणि थोडकी, त्यामुळे एका माचीवरून दुसरीकडे कसं जायचं हे बोलणाऱ्याच्या शब्दांवरून मनात जुळवावं लागे. पण तो माणूस समोर उभा असायचा. “सर, हे कशावरून?” असं विचारलं की तो बखरीचं किंवा पत्राचं नाव सांगायचा. नाहीतर सरळ म्हणायचा, “हे गावकरी सांगतात, कागदात मिळत नाही.” कागदोपत्री इतिहास आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक मला त्या हॉलमध्ये कळला.

आता राजगड म्हणून शोधलं की व्हिडिओंचा ढीग पुढे येतो. त्यातलं ड्रोनचं चित्रण पाहताना मला मनापासून आनंद होतो. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी डोंगराच्या सोंडेवरून टप्प्याटप्प्याने कशी उतरत जाते, हे आकाशातून एका नजरेत दिसतं. ज्यांचे गुडघे आता चढ मानत नाहीत त्यांना बालेकिल्ला पुन्हा बघता येतो. हे सुख आमच्या स्लाइड शोमध्ये नव्हतं, आणि जुनं तेच सोनं म्हणत ते नाकारणं मला जमणार नाही.

गेली ती निवड. तेव्हा काय दाखवायचं हे कुणीतरी जाणत्याने आधीच ठरवलेलं असे. आता ते काम आपल्यावर आलं आहे. ‘गुप्त खजिना’, ‘न उलगडलेलं रहस्य’ अशी शीर्षकं, चित्रावर लाल बाण, मागे सतत घणघणणारे ढोल, आणि बोलणं एका गडाचं तर दृश्य दुसऱ्याच गडाचं. घरातली लहान मुलं हेच इतिहास म्हणून पाहतात याचं मला फार वाईट वाटतं.

तरी चांगलं आहे, आणि भरपूर आहे. मी नाव देवनागरीत लिहून शोधते आणि पुढे ‘शिलालेख’, ‘स्थापत्य’ किंवा ‘व्याख्यान’ असा शब्द जोडते. एवढ्यानेही पुष्कळ कचरा गळून पडतो. मग पहिली काही मिनिटं ऐकते. बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतो का? आधार सांगतो का? मतभेद असतील तिथे तसं म्हणतो का? नाणेघाटाचं उदाहरण घ्या. ‘सातवाहनांचा प्राचीन मार्ग’ एवढं म्हणून धुक्याची दृश्यं दाखवणारे खूप. पण लेण्यात शिरून, भिंतीवर तिरपा प्रकाश पाडून, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातली ब्राह्मी अक्षरं आणि अंक बोटाने दाखवणारा एखादाच भेटतो. यज्ञात दिलेल्या दानांचे ते आकडे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात मोजून लिहून ठेवले, हे डोळ्यांना दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो.

इतिहासाचे अभ्यासक निनाद बेडेकर २०१५ साली गेले. त्यांच्या व्याख्यानांची चित्रणं आज कुणालाही ऐकता येतात. कॅमेरा एका जागी ठेवलेला, आवाज मधूनच घुमणारा, आणि तरी तास कधी सरतो कळत नाही, कारण तारीख, कागद आणि गडाची वाट तिन्ही त्यांच्या जिभेवर असत. ‘ब्रिटिश पाथे’ने २०१४ साली आपल्या संग्रहातल्या सुमारे ८५ हजार चित्रफिती यूट्यूबवर खुल्या केल्या. त्यांत जुनी मुंबई चालती-बोलती सापडते. पूर्वी असं काही बघायचं तर एखाद्या संग्रहालयात ओळख काढावी लागली असती.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून मराठी मुलं जिंजीला जाऊन तिथलं चित्रण करू लागली आहेत याचं मला फार कौतुक आहे. राजाराम महाराज जिथे राहिले, ज्या गडाने मुघलांच्या वेढ्याला १६९८ पर्यंत तोंड दिलं, तिथल्या राजगिरी टेकडीचा कातळ पाहिला की इतकी वर्षं कशी निघाली याचं उत्तर पुस्तकाशिवाय मिळतं.

याच मुलांकडे एक मागणं आहे. जिंजीहून पुढे तंजावरला जा. तिथे बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीतून दगडावर कोरून घेतला आहे. तो लेख पुष्कळ व्हिडिओंत ओझरता येतो, कॅमेरा सरकतो आणि पुढे गोपुर दिसू लागतं. घाई करू नका. संगीत लावू नका. पहिल्या ओळीपासून सुरू करा, प्रत्येक ओळ वाचता येईल इतका वेळ कॅमेरा थांबवा, आणि लेख जाणणाऱ्या कुणालातरी सोबत नेऊन तो मोठ्याने वाचून घ्या. कितीही तासांचा होऊ दे, मी पूर्ण बघेन.