कळसूबाईच्या आधी

आम्ही सात शिक्षिकांनी हिवाळ्यात कळसूबाईला जायचे ठरवले आणि घराघरांतून प्रश्न आला, ‘‘बायकांना जमेल का?’’ महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून चढ सुरू होतो. वर सावली नाही. उघड्या कड्यांना लोखंडी शिड्या आहेत.

उत्तर तोंडाने देण्यापेक्षा पायांनी द्यावे, म्हणून दर रविवारी फजरनंतर अंबरनाथहून निघून आम्ही हाजीमलंगच्या पायऱ्या चढू लागलो. प्रत्येकीच्या पाठीवर तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. पायांत पकड घेणारे बूट. शिडीवर पायात येऊ नये म्हणून बुरख्याऐवजी सलवार-कमीज आणि घट्ट बांधलेली ओढणी.

त्या पायऱ्यांवर सासूच्या वयाच्या बाया दिसत. वळणावळणावर बसत, पण वर पोचत. धावत सुटलेली पोरे मात्र मध्येच धापा टाकत. तेव्हा आम्ही दोन नियम केले. दुपारी बारापर्यंत शिखर आले नाही, तर असू तिथून परतायचे. अंधारात शिड्या उतरायच्या नाहीत. आणि सर्वांत संथ चालणारीने पुढे राहायचे, कोणी तिला ओलांडायचे नाही.

आमच्यात सर्वांत संथ मुख्याध्यापिका आपा आहेत. त्यामुळे डोंगरावरही शाळेचाच क्रम राहणार.