शेवटचा एक

गेल्या शनिवारी दवनीवाड्याला मामांकडे होतो. आठवीतल्या मामेबहिणीने वहीत १११११११११ चा वर्ग केला: १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली, स्टेशनचं नाव दिलं होतं.

म्हटलं, ताळा करू. लॅपटॉपवर जावास्क्रिप्टमध्ये गुणलं, तर शेवटी ३२०!

"दादा, एक एके एकच ना?"

कपाळावर हात मारला. तिथल्या साध्या नंबरमध्ये २ च्या ५३ व्या घातापुढे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या वर, विषम संख्या मावतच नाही. शेजारची सम येते. बिगइंट वापरलं की उत्तर बरोबर.

हे मला माहीत होतं हो! तरी ऑफिसात सतरा अंकी व्यवहार-क्रमांक साध्या नंबरमध्ये मीच ठेवलेत... सोमवारी आधी ते.